जहाजवाहतुकीचे भारतीय अध्वर्यू : शेठ वालचंद हिराचंद दोशी

दरवर्षी ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९६४ साली या प्रथेस प्रारंभ झाला. १९१९ साली याच तारखेस ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबई बंदरातून लंडनच्या दिशेने निघाली, त्या घटनेचे हे स्मरण होय. ही बोट एका भारतीय कंपनीच्या मालकीची होती. ती कंपनी म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि तिच्या संस्थापकांमध्ये अग्रभागी होते सोलापूरचे जैन व्यापारी शेठ वालचंद हिराचंद दोशी.

विशेष असे, की ज्या बोटीचे राष्ट्र आजही स्मरण करते, ती व्यवहाराच्या दृष्टीने यशस्वी ठरली नाही. मोजक्या फेऱ्यांनंतर ती बंदरात उभी राहिली आणि १९२३ साली मोडीत निघाली. मात्र तिच्या मालकांनी समुद्राकडे पाठ फिरविली नाही. केवळ एक जहाज विकत घेतल्याने जहाजवाहतुकीचा धंदा उभा राहत नाही. त्यासाठी माल, भाडे, माणसे, कायदा आणि गोदी या पाचही गोष्टी हाती असाव्या लागतात, हे वालचंदशेठ या अनुभवातून शिकले. पुढील तीस वर्षे त्यांनी या पाचही आघाड्यांवर झुंज दिली. त्यांचे चरित्र पाहताना हा सारा उद्योग कसा चालतो, याचेही दर्शन घडते.

सोलापूरचे घराणे

वालचंदशेठ यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील. व्यापारानिमित्त ते महाराष्ट्रात येऊन येथेच रुजले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार तर होतेच, शिवाय दिगंबर जैन समाजातील विद्याव्यासंगी सुधारक म्हणून त्यांचा लौकिक होता. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे ते संस्थापक. व्यापारातील सचोटी आणि विद्येची आवड यांचा वारसा वालचंदशेठ यांना घरातूनच लाभला. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या त्यांच्या बंधूंनीही पुढे उद्योगविस्तारात त्यांना साथ दिली.

मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतल्यानंतर पदवी न घेताच ते व्यवसायात उतरले. वडिलार्जित पेढी सांभाळावी, ही घरची सरळ वाट होती. त्यांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेतील पूर्वीचे कारकून लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. भांडवल दोशींचे आणि कामाची माहिती फाटकांची, अशी ही जोडी जमली. हीच छोटी रेल्वे पुढे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत पोहोचली आणि आपल्या भागातील कित्येक पिढ्यांच्या परिचयाची झाली. पुढील काळात बोरघाटातील रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामेही वालचंदशेठ यांच्या कंपन्यांनी पार पाडली. डोंगर फोडून वाट काढण्याचे हे शिक्षण त्यांना समुद्रावर उपयोगी पडणार होते.

‘लॉयल्टी’ची खरेदी

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जगात जहाजांची मोठी टंचाई होती. असंख्य जहाजे पाणबुड्यांनी बुडविली होती आणि मालाचे ढीग बंदराबंदरांत पडून होते. त्यामुळे जहाजाचे भाडे कधी नव्हे इतके चढले. अशा वेळी १९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईस येताना रेल्वेच्या प्रवासात वालचंदशेठ यांना समजले, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक आगबोट विक्रीस आहे.

ही बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९० साली इंग्लंडमधील बॅरो येथे ती पाण्यात उतरली आणि कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी पॅसिफिक महासागरात उतारू व टपाल नेत असे. १९१४ च्या अखेरीस महाराजांनी ती विकत घेऊन जखमी भारतीय सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय म्हणून सज्ज केली व तिला ‘लॉयल्टी’ असे नाव दिले. वालचंदशेठ यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांना एकत्र आणले आणि बोटीची खरेदी झाली. मार्च १९१९ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. तिच्या नावात ‘सिंदिया’ आले ते ग्वाल्हेरच्या राजघराण्यावरून. साडेचार कोटी रुपयांचे भांडवल योजिले गेले. नरोत्तमशेठ अध्यक्ष झाले. ५ एप्रिल रोजी बोट सुटली तेव्हा वालचंदशेठ स्वतः तिच्यावर होते.

परंतु बोट अठ्ठावीस वर्षांची जुनी होती आणि मुळात उतारूंसाठी बांधलेली होती. जहाज ही चालती वखार असते. ते भरलेले असून मार्गावर असेल तरच कमाई करते. बंदरात रिकामे उभे असले, तरी खलाशांचा पगार, विम्याचा हप्ता, भांडवलावरील व्याज आणि बंदराची देणी थांबत नाहीत. जाताना माल मिळाला आणि येताना मिळाला नाही, तर अर्धी फेरी फुकट जाते. म्हणूनच जहाजाच्या मालकाला परतीच्या मालाची चिंता सर्वांत अधिक असते. त्यातच १९२० नंतर मंदी आली, जहाजांची टंचाई संपली आणि जगभर भाडे कोसळले. ‘लॉयल्टी’चे भवितव्य तेथेच ठरले. कंपनीने मग इंग्लंडमधून मालवाहू जहाजे घेतली आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ, सागवान व कलकत्त्याचा कोळसा यांच्या किनारी वाहतुकीकडे लक्ष वळविले.

भाड्याचे युद्ध

कोल्हापूरकर व्यापाऱ्यास समुद्र दिसत नसला, तरी भाड्याचे महत्त्व त्यास सांगावे लागत नाही. रेल्वे येण्यापूर्वी या प्रांतीचा माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून फोंडा आणि आंबा घाट उतरून राजापूर, रत्नागिरीच्या बंदरांकडे जात असे. घाटाचे भाडे आणि गलबताचे भाडे जोडल्यावर जे उरे, तोच पेढीचा नफा. माल आपला असला तरी वाहन दुसऱ्याचे असेल, तर नफ्याचा काटा त्या दुसऱ्याच्या हाती असतो. साऱ्या हिंदुस्थानची अवस्था त्या काळी अशीच होती.

किनाऱ्यावरील आगबोटींच्या वाहतुकीवर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या कंपनीचे वर्चस्व होते. १९१४ साली ती पी अँड ओ या बलाढ्य कंपनीशी जोडली गेली आणि लॉर्ड इंचकेप हे दोहोंचे सूत्रधार झाले. तिच्याशी स्पर्धा करू पाहणाऱ्या भारतीयांचा इतिहास दुःखद होता. तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. १९०८ साली त्यांना तुरुंगवास घडला आणि अल्पावधीतच कंपनी बंद पडली. त्यापूर्वी जमशेटजी टाटा यांनी चीन व जपानच्या मार्गावर सुरू केलेली जहाजसेवाही भाड्याच्या स्पर्धेत टिकू शकली नव्हती.

या स्पर्धेची दोन शस्त्रे होती. पहिले म्हणजे दर उतरविणे. नवीन कंपनी ज्या मार्गावर येईल त्या मार्गावर भाडे एकदम खाली आणावयाचे, तोटा सोसावयाचा आणि प्रतिस्पर्धी बुडाला की दर पुन्हा चढवावयाचे. ज्याची जहाजे जगभर अनेक मार्गांवर कमावतात, त्यास एका मार्गावरील तोटा परवडतो. ज्याचा तोच एक मार्ग आहे, त्यास परवडत नाही. दुसरे शस्त्र अधिक सूक्ष्म होते. मोठ्या जहाज कंपन्या आपसांत संघ करून दर ठरवीत. या संघास कॉन्फरन्स म्हणतात. जो व्यापारी आपला सर्व माल संघाच्याच जहाजांतून पाठवील, त्यास भरलेल्या भाड्याचा काही भाग सूट म्हणून परत मिळे. मात्र ही सूट तत्काळ न देता काही महिने राखून ठेवीत. त्या मुदतीत व्यापाऱ्याने एखादी खेप जरी अन्य जहाजातून पाठविली, तरी साचलेली सर्व सूट बुडे. स्वदेशी कंपनीविषयी आपुलकी असणारा व्यापारीही अशा रीतीने बांधला जाई. आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी त्यास परक्या जहाजाकडे जावे लागे.

सिंदियावरही हे संकट आले. दर झपाट्याने उतरले, कंपनीचे भांडवल झिजू लागले. लॉर्ड इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दर्शविली. भागधारकांचे पैसे वाचविण्याचा तो सोपा मार्ग होता. संचालकांनी तो स्वीकारला नाही. अखेर १९२३ साली दोन्ही पक्षांत दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनारी मालवाहतुकीपुरते मर्यादित राहावे, पंचाहत्तर हजार टनांपेक्षा अधिक जहाजे बाळगू नयेत आणि परदेशी मार्गांवर जाऊ नये, असे ठरले.

लंडनला बोट पाठवून ज्या कंपनीचा जन्म झाला, तिने चारच वर्षांत लंडनचा मार्ग सोडल्याचे लिहून दिले. वालचंदशेठ यांना हा करार जाचक वाटे आणि तो सल त्यांनी कधी लपविला नाही. परंतु त्या कागदाने कंपनी जिवंत राहिली, ही गोष्टही तितकीच खरी. सर्वस्व पणाला लावून बुडणे आणि अपमान गिळून टिकणे या दोहोंतून दुसरा मार्ग पत्करला गेला. त्या दहा वर्षांचा उपयोग कसा केला गेला, यावरच त्या निर्णयाचे मोल ठरणार होते.

कायदा आणि माणसे

१९२९ साली नरोत्तमशेठ यांचे अपघाती निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंदशेठ यांच्याकडे आले. १९५० पर्यंत ते या पदावर होते. आपल्या किनाऱ्यावरील वाहतूक आपल्याच देशाच्या जहाजांसाठी राखून ठेवावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. अनेक सागरी राष्ट्रांनी आपापल्या किनाऱ्यासाठी असा नियम केलेला होता. सिंदियाशी निगडित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. राखीव सूट बंद करण्याचे विधेयकही त्यांनी आणले. विदेशी राजवटीत दोन्ही विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तथापि, जहाजाचे भाडे हा सार्वजनिक प्रश्न आहे, याची जाणीव देशास झाली.

दुसरा प्रश्न माणसांचा होता. रत्नागिरी, कुलाबा आणि कोकणपट्टीतील हजारो खलाशी ब्रिटिश जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होते. तळघरात कोळसा टाकणारे हात भारतीय होते. कप्तानाच्या कठड्यावर मात्र भारतीय माणूस दिसत नसे. भारतीय तरुणांस अधिकारी होण्याचे शिक्षण मिळण्याची सोयच देशात नव्हती. या मागणीची चौकशी समितीने दखल घेतल्यावर १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांस काम देण्यासाठी भारतीय मालकीची जहाजे हवी होती आणि सिंदियाची जहाजे त्यांच्यासाठी खुली होती. शिक्षण आणि उद्योग एकमेकांवाचून कसे अपुरे असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

करार शिथिल होत गेला तशी कंपनी वाढली. १९३७ साली हज यात्रेकरूंसाठी ‘एल मदिना’ ही बोट चालू करून सिंदियाने उतारू वाहतुकीत पाऊल टाकले. १९३९ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावरील बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही तिच्या नियंत्रणाखाली आली. जहाजांची नावे ‘जल’ या शब्दाने सुरू होणारी असत. दुसऱ्या महायुद्धात या ताफ्याने मोठी किंमत मोजली. ‘जलराजन’ व ‘जलतरंग’ ही जहाजे १९४२ साली बुडाली. ‘एल मदिना’ मार्च १९४४ मध्ये जपानी पाणबुडीस बळी पडली. त्यानंतर १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा भीषण स्फोट झाला. त्याच्या जवळच उभे असलेले ‘जलपद्म’ हे सिंदियाचे जहाज त्या धक्क्याने पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले.

विशाखापट्टणमची गोदी

जहाजे विकत घ्यावयाची तर ती इंग्लंडमधून. म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा, त्यांच्याच देशाचे दार ठोठवायचे. यावर उपाय एकच होता, जहाज येथेच बांधणे. कलकत्त्यास योग्य जागा मिळण्याचा प्रयत्न सफल झाला नाही, तेव्हा वालचंदशेठ यांनी विशाखापट्टणमची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसविण्यात आली. युद्धाचा तो काळ. यंत्रे, पोलाद, तज्ज्ञ माणसे, सर्वांचीच टंचाई. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरीही प्रकल्प सोडून दिला गेला नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे सुमारे आठ हजार टन माल वाहणारे जहाज समुद्रात उतरले. स्वतंत्र भारतात बांधून पूर्ण झालेले हे पहिले मोठे आगजहाज. ‘लॉयल्टी’च्या सफरीनंतर एकोणतीस वर्षांनी हा दिवस उगवला.

मधल्या काळात त्यांनी बंगळूर येथे १९४० साली म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. इतके उद्योग एकाच वेळी अंगावर घेतल्याबद्दल त्यांच्यावर टीका होई, कर्जाचा बोजाही कायम असे. मात्र हे सारे उद्योग पाहिले असता त्यांत एक सूत्र दिसते : रेल्वे, जहाज, विमान, मोटार. देशाची ये-जा ज्या वाहनांवर चालते, ती वाहने देशाच्या हाती असावीत, हा त्यांचा ध्यास होता.

फलश्रुती

१९४७ साली जहाजवाहतूक धोरण समितीचा अहवाल आला. सर सी. पी. रामस्वामी अय्यर तिचे अध्यक्ष होते. किनारी वाहतूक संपूर्णपणे आणि दूरच्या व्यापारातील निम्मी वाहतूक भारतीय जहाजांकडे यावी, तसेच देशाचा ताफा वीस लक्ष टनांपर्यंत वाढावा, अशी शिफारस तिने केली. १९५० साली किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. बावीस वर्षांपूर्वी विधिमंडळात अडलेली मागणी अशा रीतीने पूर्ण झाली. विशाखापट्टणमची गोदी १९५२ साली प्रामुख्याने सरकारच्या मालकीची होऊन हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने पुढे वाढली. बंगळूरच्या कारखान्यातून हिंदुस्थान एरोनॉटिक्स हा विशाल उद्योग उभा राहिला.

वालचंदशेठ यांची प्रकृती मात्र अतिश्रमाने ढासळली होती. १९५० साली ते कामकाजातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सांगलीस १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद महाविद्यालय या नावाने विख्यात झाले. कोल्हापूर-सांगली परिसरातील असंख्य घरांतून त्या नावाची पदवी आज भिंतीवर दिसते. त्या नावामागील माणूस मात्र तितका परिचित नाही.

सिंदिया कंपनी काळाच्या ओघात अडचणीत सापडली आणि तिचा ताफा नाहीसा झाला. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊस तेवढे त्या वैभवाची खूण म्हणून उभे आहे. जहाजेही पार बदलली. कोळशाची जागा तेलाने घेतली आणि पोत्यांची जागा पोलादी कंटेनरांनी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ओतलेले सुटे भाग आज परदेशी रवाना होतात. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरासारख्या ठिकाणी असे कंटेनर यारीने जहाजावर चढतात. मालाच्या आधी कागद पोहोचतो, तो म्हणजे बिल ऑफ लेडिंग. ही जहाजी पावती जुन्या हुंडीप्रमाणे हस्तांतरित होते. जिच्या हाती पावती, त्याचा माल. बँक या पावतीवर पैसे देते, विमा कंपनी जहाजाचा दर्जा पाहून हप्ता ठरविते आणि भाडे पूर्वीप्रमाणेच मागणी-पुरवठ्यावर चढते-उतरते.

एक गोष्ट मात्र अद्याप अपुरी आहे. देशाचा वजनाच्या हिशेबाने सुमारे पंच्याण्णव टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो. त्यातील भारतीय जहाजांचा वाटा एक दशांशापेक्षाही कमी आहे. उरलेले भाडे परदेशी जहाजांना द्यावे लागते. २०२० नंतरच्या महामारीच्या काळात कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी वाढले, तेव्हा लहान निर्यातदारांस त्याची झळ प्रत्यक्ष सोसावी लागली. माल आपला आणि वाहन दुसऱ्याचे, हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न तेव्हा नव्याने समोर आला. वालचंदशेठ यांनी आयुष्य वेचले ते याच प्रश्नासाठी. त्यांनी पाया घातला, भिंती उभ्या केल्या. पुढचे बांधकाम येणाऱ्या पिढ्यांच्या हाती सोपविलेले आहे.